टाक्यांत राहिलेली नावे

(आपल्या आदिवासी सेवाकार्याच्या साहाय्यकांचा वार्षिक मेळावा पनवेल येथे झाला. त्या वेळी शिवणवर्ग पाहणाऱ्या भगिनींनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मागच्या महिन्यात आम्ही एक निरोप पाठवला होता. घरात जुने भरतकाम असेल, आईचे, आजीचे, सासूबाईंचे, तर ते मेळाव्याला घेऊन या. निरोप पाठवताना वाटले, दोन-तीन कापडे आली तरी पुष्कळ. आज समोरच्या टेबलावर अकरा कापडे आहेत. काही फ्रेमसकट आली आहेत, काही ट्रंकेतून काढून थेट पिशवीत घालून आणली आहेत. एका भावाने तर वर्तमानपत्रात गुंडाळून आणले आणि म्हणाला, “मावशी, हे टाकूनच देणार होतो. घर रिकामे करतोय, इमारत पुनर्विकासाला गेली.” मला आज याच कापडांबद्दल बोलायचे आहे, आणि त्यांच्या आधाराने आपल्या वसतिगृहातल्या मुलींबद्दल एक विनंती करायची आहे. विनंती शेवटी करीन. आधी कापडे बघू.

अशा कापडाला इंग्रजीत सँपलर म्हणतात. मूळ लॅटिन शब्द एक्झेम्प्लम, म्हणजे नमुना. आपण त्याला नमुन्याचे कापड म्हणू. छापील नमुन्यांची पुस्तके नव्हती किंवा परवडत नव्हती, त्या काळी बायका एखादी नवी वेल किंवा नवा टाका दिसला की तो एका कापडाच्या तुकड्यावर घालून ठेवत. विसरू नये म्हणून. म्हणजे ती बायकांची वहीच होती. पुढे शाळा निघाल्या, आणि मुलींना टाके शिकवण्यासाठी असे कापड करायला लावू लागले. वर अक्षरमाला, खाली आकडे, मग एखादे वचन, एक झाड, दोन पक्षी, आणि शेवटी मुलीचे नाव, वय, साल.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉक नावाच्या बाईचे १५९८ सालचे कापड आहे. साल घातलेल्या इंग्लंडमधल्या कापडांत ते सर्वांत जुने मानतात. त्यावर वेलबुट्टी आहे, प्राणी आहेत, आणि मध्येच एक नोंद आहे: अ‍ॅलिस ली हिचा जन्म २३ नोव्हेंबर १५९६, मंगळवारी दुपारी. चारशे वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलीचा वार आणि वेळसुद्धा आज आपल्याला माहीत आहे, कारण कोणीतरी ती सुईने लिहून ठेवली.

त्याच म्युझियममध्ये दुसरे एक कापड आहे. त्याच्यावर फूल नाही, पक्षी नाही. पांढऱ्या तागाच्या कापडावर लाल रेशमी दोऱ्याने फुलीच्या टाक्यात ओळीमागून ओळी नुसती अक्षरे भरलेली आहेत. एलिझाबेथ पार्कर नावाच्या मुलीने ते साधारण १८३० च्या सुमारास केले. ती इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातली, मजुराची मुलगी, घरात पुष्कळ भावंडे. तेराव्या वर्षी लोकांच्या घरी कामाला गेली. सुरुवातीलाच ती सांगते की मला लिहिता येत नाही म्हणून हे असे मांडते आहे, ओळखीच्या माणसाशी बोलावे तसे. मग ती आपल्यावर मालकाच्या घरी झालेला अत्याचार सांगते. जीव द्यावासा वाटला तेही सांगते. देवाची क्षमा मागते. आणि एका वाक्याच्या मध्येच, माझ्या आत्म्याचे काय होणार असे विचारताना, मजकूर थांबतो. खाली बरेच कापड कोरे राहिले आहे. पुढे ती जगली, आणि आपल्याच गावच्या धर्मादाय शाळेत मास्तरीण झाली. शहात्तर वर्षांची होऊन वारली.

हे मी मुद्दाम सांगते. शिवण म्हटले की आपल्याला वाटते, मुलींना गप्प बसवायचे काम. कधीकधी ते तसे होतेही. पण ज्या मुलीचे कोणी ऐकणार नव्हते, तिला त्याच सुईने बोलता आले.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या महाराष्ट्रात शिवण शाळेत कशी आली, याचा इतिहास आपल्या मंडळ्यांच्या इतिहासाशीच जोडलेला आहे. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८२४ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. डिसेंबर १८२७ मध्ये मिस सिंथिया फरार मुंबईत आल्या. अमेरिकेतून परदेशी सेवेसाठी पाठवलेल्या सुरुवातीच्या अविवाहित बायांपैकी त्या एक. १८३९ मध्ये त्या अहमदनगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन बाई मुंबईला आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली. अवघ्या सहा वर्षांत, १८३५ मध्ये, त्यांचे निधन झाले. पण या बायांनी घातलेला पाया टिकला. जोतीराव फुल्यांनी नगरला मिस फरारबाईंच्या शाळा पाहिल्या आणि मग पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचे शिक्षिकेचे शिक्षणही फरारबाईंकडे झाले.

या शाळांत वाचन, लेखन, गणित आणि शिवण असे विषय असत. शिवण का? एक कारण सरळ होते. मुलीला वाचायला शिकवून काय करायचे, असे विचारणाऱ्या आईबापांना शिवण समजत होती. अंगावरचे कपडे शिवता येतील, चार पैसे मिळतील. शिवणीच्या निमित्ताने मुलगी शाळेत आली आणि आली म्हणून वाचायला शिकली. दुसरे कारण तितके गोड नाही. चांगली बायको, चांगली मोलकरीण तयार व्हावी, तिच्या हाताला वळण आणि स्वभावाला शिस्त लागावी, असाही हेतू होता. ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्यूलर यांच्या अनाथाश्रमांतल्या मुलींची नमुन्याची कापडे प्रसिद्ध आहेत. लहानशा तुकड्यावर लाल दोऱ्याने अक्षरमालेमागून अक्षरमाला, इतकी बारीक की भिंग लागावे. त्या मुली पुढे लोकांच्या घरी कामाला जायच्या, आणि मोठ्या घरातल्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे यांवर मालकाची आद्याक्षरे आणि नंबर घालणे हे त्यांचे एक काम असे. आपल्याकडे धोबी शाईने खूण करतो, तिकडे ती दोऱ्याने करत. ते कापड म्हणजे मुलीचा कामाचा दाखलाच. दोरा लाल असायचा, कारण तो पक्का लाल रंग धुण्यात जात नसे.

पंडिता रमाबाईंनी आपल्या साक्षीत म्यूलर यांच्या चरित्राचा आपल्यावर झालेला परिणाम सांगितला आहे. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन आल्या. केडगावला मुक्ती उभी राहिली. तिथे शिवण, भरतकाम, विणकाम होतेच, पण तेवढेच नव्हते. छापखाना होता, माग होते, तेलाचा घाणा होता, गोठा होता, शेती होती. मुक्तीतल्या बायकांनी टाइप जुळवले, आणि रमाबाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्या छापखान्यातून बाहेर पडले. रमाबाईंनी मुलीच्या हातात सुई दिली, पण सुईपाशी तिला थांबवले नाही. ही गोष्ट मी पुढे पुन्हा काढणार आहे.

आता टेबलावरच्या कापडांकडे या. नावे सांगत नाही, घरच्यांनी ओळखावीत.

हे पहिले. दोसुतीवर लाल फुलीचा टाका. वर इंग्रजी अक्षरमाला, मग आकडे एक ते शून्य, मग मराठी मुळाक्षरे, पण ती ‘ट’पाशी संपतात. खाली तीन इंग्रजी आद्याक्षरे आणि १९३१. घरच्यांना इतकेच माहीत होते की आजी नगरकडच्या मिशनच्या बोर्डिंगात होती. आम्ही कापड उलटे केले. जुने भरतकाम नेहमी उलटे करून बघावे. उजेड न लागल्यामुळे मागचा रंग ताजा असतो, आणि मुलीने कुठे दोरा तोडला, कुठे उसवून पुन्हा घातले, ते सगळे मागे दिसते. इंग्रजी अक्षरे मागूनसुद्धा स्वच्छ आहेत, म्हणजे ती पुस्तकातल्या नमुन्यावरून मोजून घातली. मराठी अक्षरांच्या मागे गाठीच गाठी आहेत. कारण मराठीचा छापील नमुना नव्हता. ‘अ’ कसा काढायचा, ‘ख’ला किती घरे लागतात, हे त्या मुलीने स्वतः ठरवले, चुकले तर उसवले. शिरोरेषा सोपी, गोलाई अवघड. भरतकाम करणाऱ्या भगिनी मान हलवताहेत, त्यांना कळले. आपण चौकटीच्या वहीवर आधी पेन्सिलने काढून घेतो ना, तसे तिने केले असावे. बोर्डिंगात जे करायला सांगितले होते ते वरचे इंग्रजी. मराठी तिने आपल्या मनाने घातली असावी, असे मला वाटते.

आणि त्या तीन अक्षरांतले पहिले अक्षर. घरच्यांना आजीचे नाव वेगळे ठाऊक आहे. मग घरातल्या सर्वांत थोरल्या आत्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, बाप्तिस्म्याच्या आधीचे नाव ते. पुढे कोणी त्या नावाने हाक मारली नाही. म्हणजे घरात नव्वद वर्षे एक नाव फ्रेममध्ये टांगलेले होते आणि ते कोणाचे, हे कोणी विचारले नव्हते.

हे दुसरे. ‘सुस्वागतम्’, वर दोन पोपट, खाली गुलाब, १९६४. असे पनवेलच्या निम्म्या घरांत असेल, तुम्ही म्हणाल. पण ज्या भगिनीने ते केले ती मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकत होती. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले ते हॉस्पिटल. रात्रपाळीनंतर झोप लागत नसे म्हणून भरायला घेतले, असे तिच्या सुनेने सांगितले. पगार सुरू झाला तेव्हा पहिल्या पगारातून फ्रेम केली. सुनेला ही गोष्ट माहीत आहे आणि नातवंडांना नाही. आज नातवंडे इथे बसली आहेत, त्यांनी ऐकले.

हे तिसरे कापड नव्हे, वही आहे. ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिका होणाऱ्या मुलींना शिवणाच्या नमुन्यांची वही करावी लागे. एकेका पानावर एकेक तुकडा: धावदोरा, उलटी टीप, तुरपाई, काज, हुक-आकडी, ठिगळ, रफू. खाली सुवाच्य अक्षरात कृती. ठिगळाचे पान बघा. चौकड्याच्या कापडाला चौकड्याचे ठिगळ लावले आहे आणि रेघेला रेघ जुळवली आहे. जवळ नेल्याशिवाय ठिगळ दिसत नाही. नवीन कापड परवडत नव्हते त्या काळातले हे शिक्षण. मागे गुण आहेत: दहापैकी साडेआठ.

आणि हे चौथे, पवित्र शास्त्रातले वचन. योहानाच्या पत्रातले ते तीन शब्दांचे वाक्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे. यातले शेवटचे अक्षर अर्धेच भरलेले आहे, आणि पेन्सिलची रेघ अजून दिसते. ज्यांनी आणले त्यांना ते का अपुरे राहिले ते ठाऊक नाही. पण घरच्यांनी ते अपुरेच फ्रेम केले, आणि तीन घरे बदलताना जपून आणले.

ही घरे बदलणे हासुद्धा आपला इतिहास आहे. आपल्या मंडळीतली किती कुटुंबे मूळची पनवेलची? थोडी. कोणी नगर, जालना, सोलापूरकडून आले, कोणी मिरज-कोल्हापूरकडून. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, नवी मुंबई वाढू लागली. रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना आला. रेल्वे, हॉस्पिटले, शाळा यांत नोकऱ्या लागल्या. माणसे एक ट्रंक, एक वळकटी घेऊन आली आणि त्या ट्रंकेच्या तळाशी हे कापड आले. कागद भिजतात, फोटो कसर खाते, भाड्याच्या घरांत कागदपत्रे हरवतात. कापड घडी करून साडीखाली राहते. म्हणून ते राहिले.

आता मला दुसऱ्या एका घराबद्दल बोलायचे आहे, कारण आपण इथे जमलो ते त्या घरासाठी.

आपल्या तालुक्यात माथेरानच्या पायथ्याला मालडुंगे, धोदाणीच्या बाजूला ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्या पाहिल्या आहेत. कातकरी हे नाव कातावरून आले. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्यांचा धंदा. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगल सरकारचे झाले आणि तो धंदा हातचा गेला. आज महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित ठरवलेल्या तीन आदिवासी गटांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. दिवाळी झाली की मालकाकडून उचल घ्यायची आणि पाऊस येईपर्यंत घरदार घेऊन वीटभट्टीवर जायचे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे, पण उचल फिटत नाही तोवर सुटका नाही, हे भट्टीवरच्या माणसाला विचारा. पुष्कळ वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. घर कारवीच्या कुडाचे. भिंतीला खिळा मारून फ्रेम टांगावी अशी ती भिंतच नाही.

मग त्या घरात आजीची आठवण कशात असते? मी एका वाडीवर एका आजींकडे बसले होते. त्यांच्या अंगाखाली गोधडी होती. मी ती सुंदर आहे म्हटले तर त्या हसल्या. मग हाताने एकेक तुकडा दाखवू लागल्या. “बाय, ही पट्टी माझ्या आयच्या लुगड्याची. ही सासूची. हा पोराचा सदरा, पोरगा गेला. हा भट्टीवर मालकिणीनं दिलेला परकर.” गोधडीला कुठे अक्षर नाही. सगळा धावदोरा, चारी बाजूंनी आत आत जाणारा. पण त्या बाईने मला तिच्यावरून पन्नास वर्षे वाचून दाखवली: लग्न, दोन भट्ट्या, एक मूल गेले ते, एक पुराचे वर्ष. ती गोधडी दर वर्षी भट्टीवर जाते आणि परत येते. घरातली तीच एक वस्तू आहे जी आजीच्या आधीपासून आहे.

म्हणून कोणी मला म्हणाले की या लोकांना शिवणीची परंपरा नाही, आपण त्यांना शिकवतो, तर मी तसे म्हणू देणार नाही. त्यांची परंपरा आहे. फरक इतकाच की त्या कापडावर नाव नाही, आणि सांगणारी आजी गेली की ते कोणी वाचू शकणार नाही.

नावाचा हा प्रश्न आपल्याला मोठा वाटत नाही, कारण आपले नाव सतरा ठिकाणी लिहिलेले आहे. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात, शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर. आपल्या वसतिगृहात येणाऱ्या काही मुलींची जन्मतारीख कोणालाच माहीत नसते. भट्टीवर जन्म झाला, नोंद कोण करणार? शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने एक जूनची तारीख टाकलेली असते. नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे. आडनाव कधी पवार, कधी वाघमारे, कधी नुसते कातकरी. मग जातीचा दाखला अडतो, दाखला अडला की शिष्यवृत्ती अडते. गेल्या दोन वर्षांत आपल्या कार्यकर्त्यांचा अर्धा वेळ तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर गेला आहे.

कापडावर नाव घातल्याने दाखला मिळत नाही, हे मला कळते. पण एक गोष्ट मी पाहिली. आपल्या शिवणवर्गात मुली आल्या की पहिले दोन महिने धावदोरा आणि तुरपाई, मग फुलीचा टाका. फुली आली की मी त्यांना चौकटीच्या वहीवर आपले नाव काढायला सांगते. स्वतःचे, आईचे, वाडीचे. तिथे प्रश्न सुरू होतात. “बाई, माझं खरं नाव कुठलं लिहू?” “आईचं नाव मला माहीत आहे, पण आईच्या आईचं नाही.” मग मुलगी सुट्टीत घरी जाते आणि विचारून येते. एक मुलगी भट्टीवर जाऊन विचारून आली. तिने कापडावर स्वतःचे, आईचे, आजीचे आणि वाडीचे, अशी चार नावे घातली. ‘ळ’ तिला जमेना, तीनदा उसवला. ते कापड तिच्या आईने पाहिले तेव्हा तिला वाचता येत नव्हते. मुलीने तिचे बोट धरून अक्षरांवरून फिरवले आणि सांगितले, हे तू.

आता विनंती. आपल्या समितीत एक प्रस्ताव आहे. मुलींनी केलेली भरतकामाची कापडे नाताळच्या आधीच्या सेलमध्ये ठेवावीत, त्यातून दोरा आणि कापड यांचा खर्च निघेल. प्रस्ताव मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. दोऱ्याच्या लडीची किंमत मलाही माहीत आहे, आणि आपल्या हिशोबात दर वर्षी कुठे तूट येते तेही. सेल व्हावा, असे माझेही मत आहे. रुमाल, टेबलक्लॉथ, पिशव्या मुलींनी जरूर कराव्यात, आणि त्याचा वाटा त्यांच्या खात्यावर जमा व्हावा. पण माझी विनंती अशी: मुलीने नावाचे जे पहिले कापड केले, ते विकायचे नाही. ते तिचे. ते तिच्या घरी जाईल.

यावर मला सांगितले गेले की घरी जाऊन ते पावसात कुजेल, भट्टीवर हरवेल, निदान आपल्याकडे कपाटात राहील. खरे आहे, काही हरवतील. पण विचार करा. टेबलावरचे १९३१ चे कापड जर बोर्डिंगच्या सेलमध्ये विकले गेले असते, तर आज ते कुणाच्या तरी दिवाणखान्यात सुंदर दिसले असते आणि त्यावरची तीन अक्षरे कोणाची हे कोणीही सांगू शकले नसते. ज्या घरातली ती मुलगी, त्याच घरात राहिले म्हणून आज एका आत्याच्या फोनवरून एक नाव परत मिळाले. आपल्या कपाटात ठेवलेले कापड आपल्या कामाचे प्रदर्शन होईल. तिच्या घरातले कापड तिच्या नातीचे होईल.

कापडाचे हरवणे सोसावे लागू नये म्हणून आम्ही एक करतो आहोत. प्रत्येक कापडाचे पुढून आणि मागून फोटो काढायचे, आणि एका वहीत मुलीने सांगितलेली माहिती तिच्याच शब्दांत लिहायची. फोटोची एक प्रत मुलीकडे, एक वसतिगृहात. तुमच्या घरच्या कापडांसाठीही हेच करू शकता, आणि ते आजच करा. एका कागदावर लिहा: कोणी केले, कुठे, कधी, कोणाकडून कोणाकडे आले. माहीत नसेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, उद्यावर टाकू नका. कापडाला साबण लावू नका, जुना रंग उतरतो. वरून इस्त्री फिरवू नका. फ्रेमच्या मागचा हार्डबोर्ड काळा पडला असेल तर कापड त्याला चिकटू देऊ नका, मध्ये धुतलेले पांढरे सुती कापड घाला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात पिशवीच्या आत घाम धरतो आणि बुरशी येते. जुन्या मलमलीत गुंडाळा, ऊन पडले की सावलीत हवा द्या. एवढे पुरे.

दुसरी विनंती समितीला. शिवणवर्ग हा अभ्यासाच्या वेळेतला तास कापून होऊ नये. मघाशी मी रमाबाईंच्या छापखान्याबद्दल बोलले ते याचसाठी. आदिवासी मुलगी म्हटली की शिवण आणि स्वयंपाक, हे आपण ठरवून टाकू नये. यंदा आपल्या दोन मुली दहावीला आहेत. एकीला नर्स व्हायचे आहे, दुसरीला वनरक्षक. ज्या जंगलातून तिच्या पणज्याला बाहेर काढले त्या जंगलात ती वर्दी घालून जाणार म्हणते. तिला सुईपेक्षा गणिताची शिकवणी जास्त लागणार आहे. ती देणारे कोणी इथे बसले असेल तर मेळावा संपल्यावर मला भेटा.

आणि तिसरी विनंती सर्वांना. आम्हाला दोसुती किंवा मॅटीचे कापड, रंगाच्या लड्या, लहान मुलींच्या हाताला बसतील अशी अंगुस्ताने आणि चौकटीच्या वह्या हव्या आहेत. घरात पडून असलेल्या लड्यासुद्धा चालतील. एका मुलीच्या पहिल्या कापडाला लागते ते फार नाही. एका घराने एका मुलीची जबाबदारी घेतली तर सेलच्या पैशाची वाट बघावी लागणार नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापोतल्या टबीथेची गोष्ट आहे, जिला दुर्कस म्हणतात. ती वारली तेव्हा पेत्र आला, आणि गावातल्या विधवा रडत रडत त्याला काय दाखवू लागल्या? तिने त्यांच्यासाठी शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे. तिच्या कामाची साक्ष द्यायला त्यांच्याकडे तेवढेच होते. मला त्या गोष्टीत नेहमी एक खटकते. दुर्कसचे नाव आपल्याला माहीत आहे, त्या विधवांपैकी एकीचेही नाही. आपण सेवा करतो तेव्हा आपले नाव अहवालात छापले जाते, आणि ज्यांची सेवा केली त्या ‘लाभार्थी’ म्हणून एका आकड्यात जातात. या वर्षी शिवणवर्गात चौदा मुली होत्या, असे अहवालात लिहिले आहे. चौदा कापडे झाली आहेत, आणि प्रत्येकावर नाव आहे. ती आज मागच्या टेबलावर मांडली आहेत. चहाला जाण्याआधी तिथे जा, आणि सगळी नावे एकदा तोंडाने वाचा. मुली तिथेच उभ्या आहेत. त्यांना विचारा, हे कोण, ते कोण. त्या सांगतील.

प्रभू तुम्हा सर्वांचे भले करो. आमेन.